हुलस्ट्रम बाईंकडे शिफारस मागताना

आमच्या नेब्रास्काच्या गावात हुलस्ट्रम बाई कुणालाच आवडत नाहीत, आणि त्यांनाही गाव आवडत नाही. हिशेब बरोबरीचा आहे. मी एका खोलीच्या शाळेत शिकलो. तिथल्या मास्तरांचा हात जड होता. पण हुलस्ट्रम बाईंची जीभ त्याहून जड.

हायस्कुलात त्या भौतिकशास्त्र शिकवतात. माझा मुलगा रॉस शाळेच्या बास्केटबॉल संघात होता. ऐन स्पर्धेच्या तोंडावर बाईंनी त्याला नापास केलं. नापास पोराला खेळता येत नाही. संघ हरला. तेव्हापासून न्हावी बाईंना खुर्चीवर ताटकळत ठेवतो, पेट्रोल पंपावरचा माणूस त्यांच्या गाडीची काच पुसत नाही, आणि रॉस त्यांच्याशी बोलत नाही. आता त्याचे केस पिकलेत, तरी नाही.

त्याची मुलगी मार्नी अकरावीत गेली, बाईंच्याच वर्गात. तिला इंजिनियर व्हायचंय. कॉलेजला अर्ज करायचा तर शिकवलेल्या शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, आणि त्यांतलं एक गणिताच्या नाहीतर विज्ञानाच्या शिक्षकाचं.

"बास्केटबॉलच्या कोचकडून घे," रॉस म्हणाला. "सगळं गाव त्यांच्याकडूनच घेतं."

"कोचनी मला शाळेत फक्त गाडी चालवायला शिकवलीय, बाबा. आणि ते सगळ्यांनाच हिरा म्हणतात. गेल्या वर्षी त्या ब्रेंटलासुद्धा म्हणाले."

ब्रेंटने शाळेची बस तळ्यात घातली होती. मला हसू आवरेना. रॉसने माझ्याकडे असं पाहिलं की मी कॉफीत तोंड घातलं.

मार्नी बाईंकडे गेलीच. बाई म्हणाल्या, "शेवटच्या वर्षी सोपे विषय घेऊन पाय पसरणाऱ्यांना मी पत्र देत नाही. माझा वरचा वर्ग घे, मग बघू." त्या वर्गासाठी पुढच्या वर्षीच्या विषयांच्या कागदावर बाईंची सही लागते, आणि खाली पालकाची. बाईंनी लगेच केली.

"त्या बाईच्या सहीखाली माझी सही?" रॉस म्हणाला. "मेलो तरी नाही."

कागद द्यायचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. त्या संध्याकाळी सामना होता. सामन्याला दारात तिकिटं फाडायला शिक्षकांनाच बसवतात. त्या दिवशी बाईंची पाळी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, मागे रांग, आणि मार्नीने बाईंच्या टेबलावरच बापापुढे कागद ठेवला.

"पेन आणलंयस, रॉस?" बाई म्हणाल्या. "का गृहपाठासारखं घरीच राहिलं?"

मागे कुणीतरी खुसखुसलं. मीच असेन.

"तुम्ही माझी स्पर्धा घालवलीत," रॉस म्हणाला. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं ते यासाठी.

"तू घालवलीस. मी फक्त गुण मोजले."

"हिलाही नापास कराल."

"नापास होण्यासारखी असेल तर करीन."

"अहो, दार तरी लावा, गोठलो आम्ही," रांगेतून न्हावी ओरडला.

"तुझ्या खुर्चीत मी याहून जास्त वेळ बसलेय," बाई मान न वळवता म्हणाल्या.

मार्नी बापाच्या कानाशी गेली. "बाबा, या कुणाचं उगाच कौतुक करत नाहीत, हे राज्यभर ठाऊक असेल. म्हणूनच तर हवंय."

रॉसने बाईंच्याच हातातलं पेन ओढून घेतलं आणि अशी सही केली की कागद फाटता फाटता वाचला.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"माफी मागितली कुणी? चार डॉलर. म्हातारे फुकट." मग मार्नीकडे वळून, "पत्र ऑक्टोबरात. तोवर घसरलीस तर पत्रही घसरेल. पुढचा."

आत फळीवर बसल्यावर अर्धा सामना रॉस लेकीकडे पाठ करून पंचांवरच ओरडत होता. मी मधोमध, दोघांचे पॉपकॉर्न सांभाळत, खुशीत. मध्यंतराला तो म्हणाला, "नापास झालीस तर घरी येऊ नकोस."

"येईन की," मार्नी म्हणाली. "तुम्हीही आलाच होतात."