दोन गाठींची वायर

घरात रंगारी आले होते, म्हणून मी टीव्ही खाली उतरवून मागच्या वायरी काढत बसलो होतो, तेवढ्यात सलीमच्या मुलाचा, इम्रानचा फोन आला. "काका, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. दुकानाचं शटर वर करताना सलीम खाली बसला तो परत उठलाच नाही, हे मग शेजारच्या दुकानदाराने फोन घेऊन सांगितलं. माझ्या हातात वायरींचा गुंता होता. मनात पहिला विचार आला तो, आता या कोण जोडून देणार... लिहायलाही लाज वाटते, पण आला तो असाच. त्याला पाच आठवडे झाले. मी जनाज्याला खांदा दिला, कबरीवर तीन मुठी माती टाकली, घरी येऊन रंगाऱ्यांना चहा दिला. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

दारव्ह्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी मास्तर झालो, सलीमने बसस्टँडमागे टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि जोडीला लग्नांची शूटिंग सुरू केली. त्याची पहिली शूटिंग आमच्याच घरची, माझ्या बहिणीच्या लग्नाची. कॅमेरा उसना, हात नवखा, त्यामुळे निम्म्या टेपमध्ये मांडवाचं छतच दिसतं. पण त्यात माझे बाबा आहेत. कॅमेरा पाहून ते तोंड फिरवतात, मग मागून सलीमचा आवाज येतो, "काका, इकडं पाहा ना, थोडसे हासा", आणि बाबा हसतात. आमच्याकडे बाबांचं हसणं असं तेवढंच आहे. तालुक्यातली कितीतरी लग्नं नंतर सलीमने घेतली, पण कॅमेरा कायम त्याच्याच खांद्यावर असल्याने तो स्वतः कुठेच नाही. या लेखासाठी फोटो मागितला तर इम्रानला आधार कार्डावरचाच सापडला.

डीव्हीडी प्लेअर नवीन होते तेव्हाची गोष्ट. लाडखेडला एका घरी लग्नाची सीडी दाखवायची होती, सोबत म्हणून मीही गेलो. खोलीत पाहुण्यांची दाटी, नवरा-नवरी पुढे बसलेली. सलीमने लाल, हिरवी, निळी अशी तीन तोंडांची नवी वायर लावली, पण चित्र काही येईना. त्याने सीडी बदलली, वायर बदलली, कपाळाला घाम फुटला. लोक चुळबूळ करायला लागले. मी सहज मागे डोकावलो तर लाल पिन हिरव्या जागेत आणि हिरवी लाल जागेत. त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि त्याला दिसत नव्हती. मी हळूच अदलाबदल केली, चित्र आलं, लोकांनी सलीमचंच कौतुक केलं. परतताना गाडी थांबवून तो म्हणाला, "विलास, मले लाल अन् हिरवा सारखाच दिसते. कोणाले सांगू नको. रंग न दिसणाऱ्याले लग्नाची शूटिंग कोण देईन?"

मी सांगितलं नाही. सीडी तयार करताना तो मला दुकानात बसवून घ्यायचा, शालू लाल दिसतो का, हळदीचा पिवळा नीट आला का, हे मी सांगायचं आणि त्याने बटणं फिरवायची. वायरींसाठी मात्र त्याने स्वतःच तोड काढली. पिनेजवळ काळा दोरा बांधायचा आणि त्याला गाठी मारायच्या. चित्राच्या वायरीला एक, आवाजाच्या वायरीला दोन, असं रंगाप्रमाणे ठरलेलं. टीव्हीमागे हात घातला की बोटांना कळायचं. लोकांना वाटलं, हा दर्ग्यातून दोरे आणून बांधतो. एका म्हातारीने तर डिश बसवणाऱ्याला वायर बदलू दिली, पण जुना दोरा सोडवून नव्या वायरीला बांधायला लावला. सलीम ऐकून पोट धरून हसला. आज हे सगळं लिहितो आहे ते इम्रानला विचारूनच. "लिहा काका," तो म्हणाला, "अब्बाले आता कोण काम देऊन राह्यलं?"

गेल्या दिवाळीत आम्ही नवा टीव्ही घेतला. त्याला जुन्या व्हीसीआरच्या गोल पिना लागेनात. बाबांची टेप आता गेली, असं मी धरून चाललो होतो. सलीमने कुठून तरी एक छोटी डबी आणली. तिच्या एका बाजूला पिवळी आणि पांढरी गोल पिन बसते, दुसऱ्या बाजूने निघालेली चपटी वायर टीव्हीत जाते. गाठी मारून त्याने सगळं जोडलं, टेप लावली. बाबा तोंड फिरवतात ती जागा आली तशी त्याने मागे हात घालून दोन गाठींची वायर उपसली. मी चिडलो. तो म्हणाला, "माहा आवाज आयकवत नाही बे मले. कसा पोरीसारखा बोलत होतो." बाबा मुक्यानेच हसले. मी चिडलेलाच असताना त्याने वायर परत लावून दिली, चहा घेतला आणि गेला. तीच शेवटची भेट.

लांबलेलं रंगकाम परवा एकदाचं संपलं. टीव्ही जागेवर चढवला आणि मागे हात घातला. पाहावं लागलं नाही. एक गाठ सापडली, ती वायर डबीत बसवली. टेप लावली, मांडव आला, छत आलं, बाबा आले. त्यांनी तोंड फिरवलं, मग कुणीतरी बोलल्यासारखे कॅमेऱ्याकडे वळले आणि हसले. सुनीता, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवाज नाही का येत?" मी म्हटलं, "वायर खराब झाली असेल."

वायर चांगली आहे. टीव्हीमागे लोंबते आहे, दोन्ही गाठी मी बोटांनी मोजल्या. ती लावली की सलीम बोलेल. मग तो गेला आहे हे मला कळेल... म्हणून अजून लावलेली नाही.