चहातलं औषध

नव्वदच्या दशकातली ती सकाळ अजून माझ्या डोक्यातून जात नाही. कोल्हापूरजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. फोन आला. नाव सांगायची तयारी नाही, पण आवाज ठणठणीत: "सुनंनं सासूला चहातनं औषध घातलंय." औषध म्हणजे पिकावर मारायचं.

सासू दवाखान्यात बेशुद्ध, तोंडाला फेस. सुनेला तान्ह्या लेकीसह ठाण्यात आणलं. आदल्या रात्री सासूशी कडाक्याचं भांडण झालं होतं, हे तिनं न विचारताच सांगितलं. खोटं बोलणारा माणूस सहसा तिथून सुरुवात करत नाही. पण गावानं निकाल देऊन टाकला होता. गुन्हा दाखल झाला, की ही बाई लेकरासकट कळंब्याच्या तुरुंगात जाणार होती.

डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, विषबाधा कीटकनाशकाचीच दिसते, पण पोट धुतलेल्या पाण्याला वाससुद्धा नाही. आता आली का पंचाईत! पोटात गेलं नाही, तर अंगात शिरलं कुठून? मला काही चैन पडेना.

सुनेला म्हटलं, चहाचं राहू दे. सासू उठल्यापासून पडेपर्यंत काय काय करत होती ते सांग. ती म्हणाली, चहा पिऊन सासू वैरणीला गेली, ओल्या गवताचा भारा डोक्यावर आणला आणि गोठ्यातच कोसळली. भाऱ्याखाली डोक्यावर कापडाची चुंबळ असणारच.

"चुंबळ कशाची केलती?"

"ह्यांच्या टॉवेलची. दोरीवर व्हता, आत्तींनी उचलला की."

नवरा बाहेर बाकावर होता. त्याला आत घेतलं. आदल्या संध्याकाळी वांग्यांवर औषध मारताना त्यानं तोच टॉवेल तोंडाला बांधला होता. पाठीवरचा गळका पंपही त्याच टॉवेलनं पुसला होता. मग न धुताच दोरीवर टाकून हा गडी जेवायला बसला. वर पाणी झिरपणारा भारा, खाली घामेजलेलं डोकं; टॉवेलातलं औषध कातडीतूनच अंगात मुरलं होतं. मी पुन्हा फोन केला, तेव्हा डॉक्टरांनी आधी तिचं डोकं साबणानं धुवायला लावलं. सासू वाचली. टॉवेल पंचनामा करून तपासणीला पाठवला, पुढे अहवालात तेच औषध निघालं.

कोणाचं कोणाशी वाकडं आहे, हेच शोधायची आम्हा पोलिसांना खोड. त्या दिवसापासून मी आधी माणसाचा दिवस विचारू लागलो.

त्या सकाळी डॉक्टरांचा फोन ठेवला आणि सुनेला म्हटलं, घरी जा बाई, तुझ्यावर काही नाही. मला वाटलं, रडेल. ती ताडकन उठली.

"सायब, जीप द्या. ह्यांचा फवारणीचा शर्ट बाळाच्या दुपट्यांत भिजत घातलाय. नणंद पिळून वाळत घालंल."

मी ड्रायव्हरला हाक मारली.