संज्ञानात घेतलं

नीतू हटवार दिवसातून दोनशे वेळा लोकांची माफी मागायची, आणि एकदाही स्वतःच्या नावानं नाही.

नोकरीच तशी होती. भिलाईतलं एक ऑफिस. कुठलं ते विचारू नका, नाल्या, कचरा आणि रस्त्यावरचे दिवे बघणारं कुठलंही एक समजा. तिथं ती एजन्सीकडून लागली होती. ऑफिसचं ट्विटरवर अकाउंट होतं, ऑफिसच्या भाषेत हैंडल. ट्विटरचं नाव बदललं म्हणतात, पण नीतूच्या मोहल्ल्यात, कोहक्यात, त्याला अजून ट्विटरच म्हणतात आणि ऑफिसातही तेच. लोक तिथं तुंबलेल्या नालीचा फोटो टाकायचे, दोन ओळींत जमेल तेवढा राग काढायचे, आणि नीतूनं तीस मिनिटांच्या आत उत्तर द्यायचं. उत्तर ठरलेलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं ते मोठ्या हौसेनं लिहून काढलं होतं: "आपको हुई असुविधा के लिए हमें हार्दिक खेद है। आपकी शिकायत संज्ञान में ली गई है।" 'संज्ञान' म्हणजे दखल, हा सरकारी हिंदी शब्द; 'हार्दिक' मात्र खास तिचं. तिचे साहेब आनंद सर तेव्हा खूश होऊन म्हणाले होते, "वाह, हार्दिक डाला ना, अच्छा लगता है."

तीस मिनिटांत उत्तर गेलं की स्क्रीनवर हिरवा ठिपका, उशीर झाला की लाल; तक्रार 'निराकरण' म्हणून बंद केली की आणखी एक हिरवा. महिन्याच्या मीटिंगमध्ये फक्त ठिपके मोजले जायचे. नाली खरंच साफ झाली का, दिवा खरंच लागला का, हे विचारणारा खानाच त्या स्क्रीनवर नव्हता. आता सांगा! तक्रारीचं ऑफिस, आणि तक्रारीचं पुढं काय झालं हे कोणी विचारायचंच नाही.

घरी तिनं सांगितलं होतं, टायपिंगचं काम आहे. खरं सांगितलं असतं तर सारा मोहल्ला आपापली नाली घेऊन दारात उभा राहिला असता. आणि दुसरं कारण म्हणजे तिला लाज वाटायची. बी.कॉम. झालेली, दोन सरकारी परीक्षांत थोडक्यात राहिलेली पोरगी, आणि काम काय, तर न केलेल्या कामाबद्दल गोड बोलायचं.

तिच्या बापाला, तेजरामला, मात्र लिहिलेल्या शब्दाचं भारी वजन. गोंदियाकडच्या एका खेड्यातून विसाव्या वर्षी आलेला माणूस. पस्तीस वर्षं पोलादाच्या प्लांटात, कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनच्या आगीसमोर काढली. तिथं शिफ्ट बदलायची एक रीत होती. जाणारा माणूस लॉगबुकात लिहायचा, काय बिघडलं, किती वाजता, आपण काय केलं. येणारा ते वाचायचा आणि खाली सही करायचा. सही झाली की मशीन त्याची, जबाबदारीही त्याची. आणि हा येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आला नाही तर जागा सोडायची नाही, मग घरी लग्न असो की मयत. नीतूच्या बारशाला तेजराम चार तास उशिरा पोचला होता, कारण रिलीव्हरची सायकल जामुलच्या रस्त्यावर पंक्चर झाली होती. ते बारसं नीतूची आई, सिंधुताई, अजून उकरून काढते.

रिटायर झाल्यावर त्यानं घरीच एक रजिस्टर घातलं. लांब, लाल पाठीचं. खाने आखले: तारीख आणि वेळ, बिघाड, कोणाला सांगितलं, काय केलं, सही. ट्विटर वापरायला त्याला नीतूनंच शिकवलं होतं, तेव्हा ही नोकरी नव्हती. त्याच्या तक्रारीही लॉगबुकासारख्याच असायच्या. "बी शिफ्ट, 19:10. खंभा नंबर 4 का लाइट बंद।" शिफ्ट प्लांटातल्याच, सकाळची ए, दुपारनंतरची बी. शिवी नाही, उद्गारचिन्ह नाही. लिहिलं की रजिस्टरात उतरवायचं.

मार्चमध्ये नाली साफ करायला मशीन आलं आणि हटवारांच्या दारासमोरचा स्लॅब फोडून गेलं. "आठ दिन में नया लगेगा," सांगून गेले ते गेले. घर आणि रस्ता यांच्यामध्ये आता कमरेएवढी खोल उघडी नाली. स्वतःच सिमेंटचा टाकावा, तर शेजारच्यानं टाकलेला गेल्या वर्षी अतिक्रमण म्हणून तोडला होता, वर नोटीस. आणि सिंधुताईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. तिला पायाखालचं नीट दिसत नव्हतं. रोज भाजीच्या ठेल्यापर्यंत जायचं तर ती नाली ओलांडूनच.

तेजरामनं लिहिलं. ते नीतूच्याच स्क्रीनवर आलं. आपलाच बाप, आपलंच दार. तिनं उत्तर चिकटवलं. दुसरं काय करणार होती?

संध्याकाळी जेवताना तेजराम नुसता फुलला होता. "पाह्य व नीतू, साहेबानं लिवलं! बारा मिन्टात! संज्ञानात घेतलं मने."

"मंग?" सिंधुताई म्हणाली.

"मंग काय? त्यानं घेतलं मंजे आता त्याची जबाबदारी. आता आपण हात लावाचा नाही."

नीतूला वाटलं, सांगावं, की बाबा, संज्ञान म्हणजे काहीच नसतं? पण बापाच्या तोंडावरचा तो आनंद पाहून तिची जीभ रेटली नाही. इथंच तिचं चुकलं, आणि ते तिला पुढं पुरून उरलं.

तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. नालीच्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला, राजकुमारला, पाच वेळा फोन केला. "लिस्ट में है मैडम," एवढंच. मग आनंद सरांना सांगितलं, "सर, वो मेरे ही घर के सामने का है."

सरांनी चष्मा काढला. "नीतू, अपने घर का काम हैंडल से मत करवाओ. कल कोई बोलेगा, स्टाफ अपना-अपना करा रहा है."

घ्या! बाहेरच्यांचं होत नाही कारण लिस्ट, घरच्यांचं होत नाही कारण नियम. नीतू त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं, आणि परत येऊन सतरा लोकांची माफी मागितली.

आठ दिवसांचे पंचवीस झाले तेव्हा तेजरामनं मागच्या अंगणात पडलेला मोरीचा जुना दरवाजा उचलला आणि नालीवर आडवा टाकला. हिरवा रंग, पोपडे निघालेला, एका अंगाला लोखंडी कडी तशीच. रजिस्टरात समासात लिहिलं, 'तात्पुरती व्यवस्था, साहेब येईपर्यंत.' सिंधुताई त्यावरून चालताना भिंतीला हात लावायची. दरवाजा करकरायचा. खालून ओल, वरून मोटरसायकली.

मे महिन्यात राजकुमारकडून एका दिवसात चाळीस फोटो आले, 'काम पूरा' म्हणून. एकेक टाकत जाताना नीतूचा हात थांबला. हिरवा दरवाजा. कडीसकट.

तिनं फोन लावला. "भैया, ये तो दरवाज़ा है!"

"ढका है ना मैडम? कहीं खुला दिख रहा है?"

ती आनंद सरांकडे गेली. सरांनी फोटो मोठा करून पाहिला, खूप वेळ पाहिला. तिला वाटलं, आता तरी. "हाँ, कुंडी दिख रही है," सर म्हणाले. "क्रॉप कर दो. आज महीने का आखिरी दिन है, पेंडिंग नहीं रखना."

नीतूनं कडी कापली. दोन बोटांचं काम. खाली लिहिलं, "आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है।" हिरव्या दरवाजासाठी हिरवा ठिपका मिळाला.

घरी आली तर तेजराम अंगणात येरझारा घालत होता. मोबाईल तिच्यापुढं धरला. "हा त् माह्या मोरीचा दरवाजा होय! माहाच दरवाजा मले दाखवून राहिले, का काम झालं मनून! आणि कडी कुठं गेली त्याची?" त्यानं बोटानं फोटो मोठा केला. "लॉगबुकात खोटं? प्लांटात कोनी असं लिवलं असतं त् मानूस जळून मेला असता. कसा साहेब आहे हा?"

"तुमी काऊन एवढं मनाला लावून घेता बाबा," नीतू म्हणाली आणि आत निघून गेली.

तेजरामनं परत लिहिलं. तक्रार बंद झाली आहे, नवीन नोंदवा, असं उत्तर गेलं. त्यानं नवीन नोंदवली. संज्ञान. परत. संज्ञान. एकूण अकरा झाल्या. नीतूनं दर वेळी राजकुमारला फोन केला, दर वेळी तिला सांगितलं गेलं, आमच्या कागदावर तिथं स्लॅब आहे.

जुलैतल्या एका बुधवारी अकरा-साडेअकराला, तक्रारी धबाधबा येत होत्या. नीतू नावं बघत नव्हती. वरून खाली, चिकटव, पाठव. चिकटव, पाठव. शेजारून जाताना आनंद सर म्हणाले, "आज तो चार-चार मिनट में जा रहा है, शाबाश!" तेव्हा तिनं जरा मान वर केली, पाणी प्यायली, आणि नुकतंच कशाला उत्तर दिलं ते पाहिलं.

"ए शिफ्ट, 11:20. दरवाज़ा टूट गया। मेरी पत्नी सिंधु का पैर नाली में गया। हड्डी टूटी है। अस्पताल में बैठा हूँ। यह बारहवीं बार लिख रहा हूँ।"

खाली तिचं उत्तर होतं. आपको हुई असुविधा के लिए हमें हार्दिक खेद है.

बापानं तिला फोन केला नव्हता. ड्यूटीवरच्या माणसाला फोन करायचा नाही, ही त्याची पस्तीस वर्षांची सवय. आधी लॉग. आई मोडल्या पायानं बाकावर बसली असताना त्यानं आधी नोंद केली होती, आणि ती नोंद पोरीनं न वाचता निकालात काढली होती. नीतू उठली, पर्स घेतली आणि कोणाला न विचारता निघाली.

संध्याकाळी सहाला तिघंही घरी होती. सिंधुताई खाटेवर, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. "काई नाही झालं व," ती उलट नीतूलाच समजावत होती, "टमाटे गेले सारे नालीत, तेवढं वाईट झालं." तेजराम खिडकीशी बसून रजिस्टर भरत होता.

नीतूनं ते पहिल्यांदा नीट हातात घेतलं. स्लॅबच्या प्रत्येक नोंदीपुढं त्यानं तिचं उत्तर उतरवलं होतं. वळणदार अक्षर, एकही शब्द न गाळता, 'हार्दिक'सकट. बारा वेळा. 'काय केलं' हा खाना कोरा. सहीचाही खाना कोरा.

"इथं काई नाही लिवलं बाबा?"

"कोनाचं लिवू? साहेबाचं नावच नाही समजत. नाव असतं त् त्याले जाऊन भेटलो असतो. सांगतलं असतं, बाबू, तू घेतलं ना? मंग ये, पाह्य."

"बाबा," नीतू म्हणाली, "साहेब नाही कोनी. ते मीच लिवतो."

तेजरामला आधी कळलंच नाही. मग कळलं. सिंधुताईनं खाटेवरून मान वळवली. 

"बाराही?"

"हाव."

"आणि कडी? फोटोतली कडी कोनं कापली?"

"मीच."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं चष्मा पुसला, रजिस्टर तिच्याकडे फिरवलं, बाराव्या नोंदीवर बोट ठेवलं आणि पेन पुढं केला. "सही कर."

नीतूनं पूर्ण नाव लिहिलं. नीतू तेजराम हटवार. पेन नीट चालत नव्हता, आडनाव दोनदा गिरवावं लागलं.

"आता शिफ्ट तुही," तेजराम म्हणाला. "रिलीव्हर येईपर्यंत जागा सोडाची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नीतू नालीच्या तोंडाशी उभी राहिली. शाळेची पोरं, दूधवाला, एक म्हातारा, सगळ्यांना ती हात धरून पलीकडे नेत होती. नऊला तिनं आनंद सरांना कळवलं की येत नाही. दहाला स्वतःच्या नावाच्या अकाउंटवरून, उघड्या नालीचा आणि कडीसकट दरवाजाच्या तुकड्यांचा फोटो टाकला. लिहिलं, "मैं नीतू हटवार। इस हैंडल से जवाब मैं ही लिखती थी। निराकरण वाली फोटो से कुंडी मैंने काटी थी। यहाँ स्लैब कभी नहीं लगा। कल मेरी माँ का पैर टूटा। कोई आने तक मैं यहीं खड़ी हूँ।"

आता तरी हलतील, असं तिला वाटलं. ऑफिसात धावपळ होईल, कोणी रागानं का होईना, फोन करेल. ती मोबाईल हातात घट्ट धरून उभी राहिली.

चार मिनिटांनी मोबाईल वाजला. तिच्या खुर्चीवर कोणीतरी बसलं होतं.

"आपको हुई असुविधा के लिए हमें हार्दिक खेद है। आपकी शिकायत संज्ञान में ली गई है।"

आतून, खाटेजवळून, तेजरामनं विचारलं, "आला का व कोनी?"

"नाही बाबा," नीतू म्हणाली. "उत्तर आलं."