किडक्या पानांचं मलम

दोरीवर दोन शर्ट, एक टॉवेल आणि चंद्रशेखररावांची लोकरी बनियन एवढं घालून झालं होतं, आणि वसुंधराबाईंचा हात पांढऱ्या सुती हातमोज्यांपाशी येऊन थांबला. मोजे सुनेचे. अनुष्का फार्मसीत कामाला. दिवसभर हात धू, सॅनिटायझर चोळ, पुन्हा धू, असं करून करून तिच्या बोटांची पेरं फुटली होती. त्यात टाकानिनी या परदेशी उपनगरातला बाहेरचा ओला गारठा आणि घरात हीट पंपाची कोरडी हवा. रात्री कसलंसं मलम चोपडून, वर हे मोजे चढवून ती झोपायची. मशीनमधून निघाले तरी एका बोटावर तांबूस डाग तसाच होता.

वसुंधराबाईंनी मोजे वाळत घातले, उरलेलं धुणं बास्केटमध्ये तसंच सोडलं आणि त्या तरातरा कुंपणाकडे निघाल्या. आत वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांच्या नवऱ्यानं, चंद्रशेखररावांनी, खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, "झालं. उद्योगसमूहाची नवी शाखा निघाली."

'वसुंधरा उद्योगसमूह' हे नाव यशोधननं, त्यांच्या लेकानं, ठेवलं होतं आणि ते उगाच नव्हतं. चिंचवडचं घर बंद करून लेकाकडे आल्या, त्या पहिल्याच दिवाळीला बाईंनी मसूर डाळ, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद दळून उटणं केलं. उटणं उत्तम होतं. पण शॉवर तुंबला. प्लंबर आला, त्यानं पाइपातून पिवळा लगदा ओढून काढला आणि "रात्रीच्या जेवणाचं काय चुकलं होतं?" असं फार आपुलकीनं विचारलं. मग माका-ब्राह्मीचं तेल झालं. ते लावून यशोधन ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगला बसला, तर समोरच्यांनी त्याला "बरं वाटत नसेल तर झोप" म्हणून सुट्टीच दिली, इतकं त्याचं कपाळ हिरवं दिसत होतं. मग काजळ. गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांना बाईंनी हौसेनं काजळ घातलं, आणि संध्याकाळी त्या साऱ्या एकेक करून घराबाहेर पडल्या त्या थेट कुणाच्या तरी मातीला जाऊन आल्यासारख्या.

या सगळ्यावर घरातले हसले. हसली नाही ती एकटी अनुष्का, आणि बाईंना टोचत होतं ते नेमकं तेच. प्रत्येक डबी ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि म्हणायची, "थँक यू आई, नंतर लावते हं." ते 'नंतर' अजून उजाडायचं होतं. डबी भरली की वर तर्जनीनं एक भोवरा काढायचा ही वसुंधराबाईंची सही. बाथरूमच्या कपाटात उटण्याच्या आणि काजळाच्या मिळून तीन डब्या ओळीनं होत्या आणि तिन्हींतले भोवरे जसेच्या तसे. बाई रोज सकाळी उघडून बघत. देवळात पादुका बघाव्यात तसं.

त्यांना काही दुकान टाकायचं नव्हतं. नावही नको होतं. (खरं तर थोडंसं हवं होतं.) सुनेनं एकदा, कुणी न सांगता, आपली एक डबी उघडावी आणि तिची ती फुटकी पेरं भरून यावीत, एवढंच मागणं. कुलदेवीला त्यांनी तसं साकडंही घालून ठेवलं होतं.

कुंपणापलीकडे हुइया राहायची. शाळेची बस चालवून रिटायर झालेली, जाडजूड, मोठ्यानं हसणारी माओरी बाई. भर थंडीत पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला. दिवसभर मातीत हात घालायची, पण हात कसे, तर लोण्यासारखे. तिच्या अंगणाच्या कडेला एक झुडूप होतं, कावाकावा नावाचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाईंना वाटलं, इथे नागवेली कुठून आली? पान अगदी विड्याच्या पानासारखं, बदामाच्या आकाराचं, तुकतुकीत. हुइया त्याचं मलम करते हे त्यांनी ऐकलं होतं.

"किया ओरा वासू! धुणं अर्धं टाकून कुठे?" हुइयानं विचारलं. वसुंधरा हे नाव तिनं पहिल्याच दिवशी आखडून घेतलं होतं.

बाईंनी आपल्या इंग्रजीत सुनेचे हात, मोजे, डाग सगळं सांगितलं.

"घे की मग हवी तेवढी पानं. पण तोडायच्या आधी झाडाला सांग, कशाला नेतेस ते. आणि भोकं पडलेली घे हां. किड्यानं खाल्लेली. चांगली तीच असतात."

पहिली गोष्ट बाईंना मनापासून पटली. तुळशीला विचारल्याशिवाय त्यांनी जन्मात मंजिरी खुडली नव्हती. त्यांनी झाडाला हात जोडले आणि मराठीतच सांगितलं, की बाबा रे, सूनबाईचे हात फुटलेत. मग पानं तोडायला लागल्या.

आणि इथे घोटाळा झाला. हुइया काय म्हणाली ते त्यांना नीट कळलं होतं, शब्द न् शब्द. पण हात ऐकेना. वसुंधराबाईंच्या घरात जे काही बनतं त्याचा पहिला वाटा देवीचा. मग तो शिरा असो की तेल. आणि देवीला किडकं पान? चाळीस वर्षं विडे मांडताना ज्या बाईनं देठ मोडलेलं पानसुद्धा बाजूला काढलं, ती चाळणी झालेली पानं कशी उचलणार? समोर भोकाभोकांची पानं लोंबत होती. बाई त्यांना वळसे घालून, टाचा उंचावून, झाडाच्या टोकावरची अखंड, चकचकीत, नव्या नवरीसारखी पानं वेचत राहिल्या. हुइयाकडे पाठ करून, हे सांगायला नको.

घरी आल्यावर सोवळं नेसायचंच बाकी ठेवलं होतं त्यांनी. पानं धुतली, पुसली, सावलीत सुकवली. दोन दिवसांनी मंद आचेवर साजूक तुपात ती मुरवली. मग ते गाळलेलं तूप तांब्याच्या परातीत घेऊन धुवायला बसल्या. तूप पाण्यानं शंभर वेळा धुवायचं, तळहातानं फेसायचं, पाणी काढायचं, पुन्हा नवं घालायचं. आज्यांच्या काळापासून भाजण्या-कापण्यावरचं औषध ते. परात चिंचवडहून केबिन बॅगेतून आणलेली. विमानतळावरच्या माणसानं ती उलटीसुलटी करून बघून हताशपणे परत केली होती. एका हातानं जपमाळ ओढायची आणि दुसऱ्यानं तूप फेसायचं असा बाईंचा बेत होता. त्यामुळे नामाचा हिशेब चुकला, तुपाचा चुकला, आणि माळ तुपकट झाली ती वेगळीच. पण तूप मात्र पांढरंशुभ्र, लोण्याहून हलकं झालं.

त्याचा वास त्यांनी घेतला नाही. बोटाला लावून पाहिलं नाही. देवीच्या आधी? छे! चांदीच्या वाटीत पहिला गोळा ठेवला, उदबत्ती लावली, वर छतावरचा स्मोक अलार्म नेहमीसारखा बोंबलला, चंद्रशेखररावांनी नेहमीसारखा खुर्चीवर चढून टॉवेल फडकवला, आणि नैवेद्य झाला. मग बाकीचं सगळं डबीत. वर भोवरा.

अनुष्का कामावरून आली. तिनं दोन्ही हातांनी डबी घेतली. "थँक यू आई. यात पाणी असणार ना? मग फ्रिजमध्ये ठेवते. आणि नंतर..."

"लाव हो सावकाश," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हसून तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फ्रिज उघडला. डबी उघडली. भोवरा नव्हता! अर्धी डबी रिकामी! बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी फ्रिजचं दार धरूनच देवीचं नाव घेतलं.

"अगं," मागून चंद्रशेखरराव म्हणाले. त्यांच्या हातात टोस्ट होता. "ते नवीन लोणी जरा मिळमिळीत आहे हं. मीठ घालत जा थोडं."

त्या दिवशी चंद्रशेखररावांना दुपारी जेवायला आदल्या दिवशीची खिचडी मिळाली.

संध्याकाळी हा किस्सा यशोधननं चवीनं सांगितला. सगळे हसले, अनुष्कासुद्धा. ते हसणं पाहून बाईंचा बांध फुटला.

"हस, तूही हस. शंभर वेळा धुतलंय मी ते तूप. तुला लावायचंच नव्हतं, तर तोंडावर सांगायचं होतंस. मलाही कळतं, तू शिकलेली, आम्ही अडाणी."

अनुष्का खुर्ची ओढून समोर बसली. "आई, एक विचारू? रागावू नका. तुम्ही लावून बघितलं होतंत का हे?"

"देवीला दाखवायच्या आधी?"

"बरं, दाखवल्यानंतर?"

"नंतर सगळं तुझ्या डबीत भरलं की! तुझ्यासाठी केलेलं मी कशाला वापरू?"

"आणि ते काजळ? तेल? उटणं?"

काजळ बाईंनी स्वतः घातलं नव्हतं. पाहुण्यांसाठी केलेलं होतं ते. तेल लेकासाठी. उटणं सगळ्यांचं झाल्यावर त्यांच्या वाटणीला उरलंच नव्हतं.

"मग आई, तुम्ही स्वतः हातांना काय लावता?"

चंद्रशेखरराव वर्तमानपत्रात शिरले.

"क्रीमची निळी ट्यूब," अनुष्का हळूच म्हणाली. "बाबा दर महिन्याला माझ्याच दुकानातून नेतात. म्हणतात, आईला सांगू नकोस की तुला माहितीये."

"अहो!" बाई गरजल्या.

"मी काय करू?" वर्तमानपत्र म्हणालं. "तू सांगतेस, मी आणतो."

"आई, दुकानात रोज कुणीतरी येतं," अनुष्का म्हणाली, "काहीतरी घरचं लावून हात आणखी सुजवून घेतलेलं. मला तुमच्या वस्तूंची भीती नाही वाटत हो. पण तुम्ही स्वतः एकदाही लावत नाही, ही भीती वाटते. देवीला एक्झिमा नाहीये ना."

पाया पडून मागितलेल्या गोष्टीचं उत्तर असं आपल्याच घरच्या टेबलावर मिळेल असं बाईंना वाटलं नव्हतं. राग यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर काय येत होतं, तर पर्समधली निळी ट्यूब, आणि गावभर निसर्गाचं गुणगान करणाऱ्या वसुंधराबाई. स्वयंपाक करून स्वतः बाहेर जेवणाऱ्या आचाऱ्याची कथा त्यांनी भजनी मंडळात कितीदा हसत हसत सांगितली होती. त्यातला आचारी आपण असू, हे लक्षात यायला पासष्टी गाठावी लागली.

सकाळी उरलेली अर्धी डबी घेऊन त्या हुइयाकडे गेल्या. हुइयानं बोटावर घेतलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"वासू, हे छान लोणी आहे. यात कावाकावा कुठे आहे?" मग तिनं झाडाच्या टोकाकडे पाहिलं. तिथल्या फांद्या बोडक्या होत्या आणि खाली भोकांची पानं तशीच. ती इतकी हसली की तिला कट्ट्यावर बसावं लागलं. "सगळ्या सुंदर पोरी घेऊन गेलीस होय!"

"आमच्यात देवाला किडकं चालत नाही," बाई ओशाळून म्हणाल्या.

"अगं, किडा मूर्ख आहे का? तो सगळं झाड हिंडतो आणि चांगलं तेवढंच खातो. त्यानं तुझ्या आधी चाखून ठेवलंय."

आधी चाखून. बाईंनी भोकांचं एक पान तोडून चुरगळलं. तिखटसर, मिऱ्यासारखा वास थेट नाकात गेला. आदल्या संध्याकाळपासून घरातली शिकलेली सून जे सांगत होती, तेच हा मेला किडाही सांगत होता. दोघांशी एकाच वेळी भांडायची ताकद त्यांच्यात नव्हती.

यावेळी त्यांनी सगळी चाळणी झालेली पानं घेतली. पुन्हा तूप, पुन्हा परात. माळ मात्र खुंटीला. मलम झालं, हिरवट, उग्र वासाचं. बाई वाटी घेऊन देवघरापुढे उभ्या राहिल्या. देवघर म्हणजे चादरींचं कपाट, वरचे दोन कप्पे. मग म्हणाल्या, "आई, आज तुझ्या आधी मी. माफ कर. तुला कुणी लावून बघ म्हणत नाही, मला म्हणतात." आणि डोळे मिटून, विस्तव धरावा तसं, मनगटाच्या आतल्या बाजूला बोटभर मलम लावलं. काही झालं नाही. वीज पडली नाही. अलार्मसुद्धा वाजला नाही.

दोन दिवस त्या घरात एक बाही दुमडून फिरल्या. भोवती बॉलपेननं गोल काढलेला. कुठं लावलं ते विसरायला नको म्हणून. चंद्रशेखररावांनी विचारलं, "लस टोचून आलीस का?"

तिसऱ्या सकाळी कामाला निघालेल्या अनुष्कानं सासूचा हात धरला, उजेडात नेला, गोलावरून अंगठा फिरवला. "लाल नाही. खाज?"

"नाही. मऊ झालंय उलट. बघ ना."

"आई, निळी ट्यूब?"

"बंद. देवीशप्पथ." मग एक क्षण थांबून, "पायांना लावते फक्त."

अनुष्का हसली. बॅग खाली ठेवून तिनं फ्रिजमधून नव्या मलमाची डबी काढली, झाकण उघडलं, आणि भोवऱ्याच्या मधोमध करंगळी घातली. एकाच करंगळीच्या पेराला मलम लावलं. बाकीची नऊ बोटं कोरडी.

"आधी एवढंच. परवा बघू," ती म्हणाली.

"सावकाश हो," बाई म्हणाल्या. एक करंगळी! बाईंना गगन ठेंगणं झालं. पण त्या आपल्याला बजावत होत्या, की वसुंधरे, एका पेरावर देवळं बांधू नकोस. परवा कदाचित ते पेर लाल होईल आणि तुला पुन्हा पानं बघावी लागतील. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या. मग आत येऊन त्यांनी पिशवी घेतली. घरातलं तूप संपलं होतं. कढवायला सुपरमार्केटमधून बिनमिठाचं लोणी आणायचं होतं.