विधायकजींची टोली

रत्नाकर पुणतांबेकर एकदाच आमदार झाले. पण काशीत माणूस एकदा आमदार झाला की जन्मभर ‘विधायकजी’ राहतो. लखनौला विधानसभेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, माकडांच्या बंदोबस्ताचा. त्यानंतर माकडं वाढली आणि यांचं तिकीट कापलं गेलं. काही दिवस ते पंख्याकडे बघत पडून राहिले. मग संस्कृती धोक्यात आहे असं त्यांच्या लक्षात आलं आणि तब्येत झपाट्यानं सुधारली.

त्यांनी ‘मर्यादा परिषद’ काढली. निवेदनं दिली, धरणी धरली, जिलबी खाऊन उपोषणंही केली. नाव झालं ते मात्र लग्नाआधीच्या फोटोंमुळे. लग्न ठरलेली जोडपी फोटोवाला घेऊन घाटावर येत आणि नावेत बसून एकमेकांकडे बघत राहत. विधायकजींनी फर्मान काढलं: वडीलधारं माणूस बरोबर नसेल तर फोटो नाही. अंमलबजावणीला पोरांची टोली नेमली. टोलीनं एका मुलाला पायऱ्यांवर उठाबशा काढायला लावल्या, त्याच्या फोटोवाल्याचा कॅमेरा खदाखदा हसत गंगेत फेकला. विधायकजींनी टोलीला हार घातले.

एका सकाळी चहा घेताना टोलीच्या म्होरक्याचा, मुकुलचा, फोन आला. “विधायकजी, पंचगंगा घाट पे एक जोडा है. लडकी पीली साडी में. आज छोडेंगे नहीं!”

“शाबाश,” विधायकजी सवयीनं म्हणाले. फोन ठेवून त्यांनी बायकोला लेकीबद्दल विचारलं, “अन्नपूर्णा, मैत्रेयी उठली नाही अजून?”

“ती सुशांतरावांबरोबर लग्नाआधीचे फोटो काढायला गेलीय. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली. माझी पिवळी पैठणी नेसलीय. काय गोड दिसत होती!”

चहाचा कप तसाच राहिला. त्यांनी मुकुलला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. चपला उलटसुलट घालून ते गल्लीत धावले. वाटेत बसलेल्या सांडालाही त्यांनी “माफ करना भैया” म्हटलं. मुलगी आपली म्हणावी तर परिषद बुडाली; न म्हणावी तर त्या उठाबशा, तो कॅमेरा, आणि पोरांचं ते हसणं. त्या हसण्याला तर त्यांनीच हार घातले होते.

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या ते घाईघाईनं उतरले. खाली पोरांचं कडं पडलं होतं. एकानं सुशांतची कॉलर धरली होती. फोटोवाला कॅमेरा पोटाशी धरून रडकुंडीला आला होता. मैत्रेयीनं वडिलांना पाहिलं, पण ‘बाबा’ अशी हाक मारली नाही. ओळख दाखवायची की नाही, हे तिनं त्यांच्यावर सोडलं होतं. विधायकजींना सगळ्यात जास्त भीती त्या नजरेची वाटली.

“बिटिया है हमारी,” म्हणत ते कडं फोडून आत शिरले. “हम साथ आए हैं. जरा पान लेने रुक गए थे.”

कॉलर सुटली. कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं.

“तो फोटो खिंचवाइए, विधायकजी,” आपला मोबाइल त्यांच्यावर रोखत मुकुल गोड आवाजात म्हणाला.

ते दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. मैत्रेयी कुजबुजली, “बाबा, केवढे थरथरताय!”

“गप्प. हस.”

फोटो निघाला. मुकुलचा मोबाइल अजून त्यांच्यावरच रोखलेला होता.

“मुकुल बेटा, अब बंद करो.”

मुकुलनं वाकून एका हातानं त्यांच्या पायांना स्पर्श केला. दुसऱ्या हातातला मोबाइल हलला नाही. “चलिए, घर तक छोड देते हैं.”

विधायकजींनी मुलीचा हात घट्ट धरला, दुसऱ्या हातानं सुशांतला पुढे घेतलं आणि ते पायऱ्या चढू लागले. मागून टोली चालली होती, अगदी शिस्तीत, त्यांच्याच नावाचा जयजयकार करत. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.