डावीकडची गिटार

मल्लेश्वरममध्ये बिंदुमाधवरावांच्या पुढच्या खोलीत एक वेताची खुर्ची होती आणि ती जागची हलवायला घरात कुणालाही परवानगी नव्हती. लाल गुळगुळीत जमिनीवर तिच्या पायांखाली पांढऱ्या ऑइल पेंटच्या फुल्या मारलेल्या होत्या. समोरच्या भिंतीशी दोन स्पीकर, बिंदुमाधवरावांनी स्वतः बांधलेले, आकारानं धान्याच्या कोठ्यांएवढे. दोन स्पीकर आणि ही खुर्ची मिळून एक त्रिकोण व्हायचा, तिन्ही बाजू सारख्या. त्या टोकावर माणूस बसला की स्टीरिओ उघडतो, असं ते म्हणायचे. ‘उघडतो’ हा त्यांचाच शब्द. वीतभर इकडेतिकडे सरकलात की मिटला.

“आमच्याकडे देव हलवले तरी चालतात,” अंजलीबाई आल्यागेल्याला सांगत. “दिवाळीत देव्हारा रंगवायला अंगणात काढला होता. खुर्चीला मात्र वळसा घालून केर काढला.”

रावांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या घोड्यामागून बेंगळुरात आलं आणि परत जायचं विसरलं. त्यामुळे घरातल्या मराठीत ‘थोडं’ऐवजी ‘स्वल्प सरक रे’ आणि ‘बरं’ऐवजी ‘सरी, सरी’ हे इतकं मुरलेलं, की ते कानडी आहे हे पुण्याच्या पाहुण्यांकडून कळायचं. अशा घरात, सकाळी विष्णुसहस्रनाम आणि संध्याकाळी शुभंकरोती म्हणत वाढलेला बिंदुमाधव कॉलेजात असताना बेंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात गेला आणि विलायती रॉकची एक जुनी रेकॉर्ड घेऊन आला. ती पहिल्यांदा लागली तेव्हा वडील स्वयंपाकघरात काय फुटलं ते बघायला धावले होते. पुढे मुलाची मुंज टिकली, रेकॉर्डही टिकली. टेलिफोनच्या सरकारी कारखान्यात टेस्टिंगला लागल्यावर पगार झाला की एक रेकॉर्ड, असं करत भिंतभर कपाट झालं.

दर रविवारी सकाळी तिथं बैठक बसे. एक बसवंत, बँकेतला, गल्लीतलाच. दुसरा उपेंद्र, पुण्याहून संशोधन संस्थेत नोकरीला आलेला, दहा वर्षांनी लहान आणि हिशेबानं बोलणारा. नियम असा, की रेकॉर्डची एक बाजू होईपर्यंत एकानं खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी भिंतीशी चटईवर. चटईवाल्यांच्या वाट्याला संगीत प्रसादापुरतं यायचं. बाजू उलटली की खुर्ची पुढच्याला. काय चांगलं वाजलं आणि काय नाही, याचा शेवटचा शब्द बिंदुमाधवरावांचा. त्यावर अपील नव्हतं.

सत्त्याण्णवच्या दसऱ्याच्या सुमारास, एका रविवारी सकाळी, ते खुर्चीत बसले आणि त्यांची भुवई वर गेली.

बहात्तर सालची रेकॉर्ड होती, पाठ असलेली. सुरुवातीला डावीकडून एक गिटार काहीतरी विचारते, आणि बराच वेळ ताटकळत ठेवून उजवीकडून पियानो उत्तर देतो. त्या दिवशी गिटार डावीकडे नव्हतीच. पियानोच्या पाठीमागे, गोधडीत तोंड खुपसून बसल्यासारखी, उजव्या भिंतीत कुठेतरी वाजत होती.

“डावा चॅनेल गेला,” ते म्हणाले.

“मला तर बरं वाटतंय, अण्णा,” बसवंत चटईवरून म्हणाला.

“तुझे कान बँकेचे. त्यांना फक्त नाणी ऐकू येतात.”

इथून पुढे जे झालं ते टेस्टिंगमधल्या माणसाच्या हातूनच व्हावं असं. कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवली होती: दोष शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मोजणारं यंत्र ठीक आहे असं धरून चाला, नाहीतर जन्मभर गोल गोल फिरत बसाल. त्या शिस्तीनं त्यांनी उपेंद्रकडून तारा अदलाबदल करून घेतल्या. आता गिटार लख्ख आणि पियानो गोधडीत. म्हणजे डावा स्पीकर. स्पीकर इकडचा तिकडे केला. तरी डावीकडचंच मंद. मग अँप्लिफायर उघडला, संशयित भाग बदलले, उरलेल्यांना दम भरला. मग भिंत. डाव्या भिंतीला ओल असणार, ती आवाज पीत असणार. कपाट हलवलं, पडदा काढला, अंजलीबाईंची गाद्यांची चवड माळ्यावर गेली.

“गाद्यांनी काय केलं हो?” अंजलीबाईंनी विचारलं.

“कापूस आवाज खातो.”

“मग तुम्ही घोरता तेव्हा का नाही खात?”

मधूनमधून डाव्या कानात दडा बसल्यासारखं होई, बारीक शिटी वाजे. पण सर्दी झालेली होती. सर्दी गेली की दडा जाईल, हे कुणीही सांगेल. सर्दी गेली. दडा राहिला. तोवर ते नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला बसले होते.

तीन आठवडे असेच गेले. मग एका दुपारी फोन वाजला. त्यांनी रिसीव्हर उचलला, उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता म्हणून डाव्या कानाला लावला, दोनदा हॅलो म्हणाले आणि वैतागून म्हणाले, “लाइन मेली. आमच्याच कारखान्याचा फोन आणि ही तऱ्हा!”

अंजलीबाईंनी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि त्या मेलेल्या लाइनवर आपल्या आईशी अर्धा तास बोलल्या. लिंबाचं लोणचं, भावाची बदली, सगळं झालं. बिंदुमाधवराव स्क्रूड्रायव्हर धरून तिथंच उभे. बोलणं संपल्यावर त्यांनी रिसीव्हर मागून घेतला. उजव्या कानाला लावला. डायल टोन छान खणखणीत होता. डाव्याला लावला. परत उजव्याला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

डॉक्टर मल्लेश्वरममधलेच होते, शांत. तपासून म्हणाले की डाव्या कानाची नस गेली, असं कधी कधी एकाएकी होतं, कारण सापडत नाही.

“औषध?”

“पहिल्या आठवड्यात आला असतात तर गोळ्या देऊन बघता आलं असतं. काहींना गुण येतो. आता फार उशीर झाला. इतके दिवस काय करत होता?”

“अँप्लिफायर दुरुस्त करत होतो.”

डॉक्टरांना वाटलं त्यांचा तो धंदाच आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर बाकावर अंजलीबाई बसल्या होत्या. त्यांना बिंदुमाधवरावांनी सांगितलं, की वयाचं आहे, उपाय नव्हताच. ‘नव्हताच’वर जरा जास्तच जोर पडला. आणि म्हणाले, “बसवंतला, उपेंद्रला बोलू नकोस.”

“का? चोरी केलीय का?”

“एका कानाचा माणूस स्टीरिओचा निवाडा करतो म्हटल्यावर कोण येईल? आले तरी माझ्याकडे बघायला येतील. आजाऱ्याला बघायला येतात तसे. मोसंबी घेऊन.”

आठवड्यात त्या खुर्चीपाशी ते एवढे एकदाच मोकळे होत, हे अंजलीबाईंना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. ती सकाळ गेली तर या माणसापाशी काय उरेल, याचा अंदाज त्यांनी केला आणि मान डोलावली.

रविवार चालू राहिले. फक्त बिंदुमाधवराव खुर्चीत बसेनासे झाले. “तुम्ही बसा रे, मी आयुष्यभर बसलोय,” म्हणत ते चटईवर, डावा कान भिंतीकडे करून टेकत. बसवंत गल्लीभर सांगत सुटला, की अण्णा वानप्रस्थाला लागले. शेवटचा शब्द ते अजूनही देत, पण आठवणीतून. ही गिटार इथून येते, तो ढोल तिथून, सगळं पाठ होतं. पूर्वी कधीतरी ऐकलेलं ते आता वाजतंय असं सांगत. लग्नाहून परतल्यावर लोक जेवणाचं वर्णन करतात तसं, पण उपाशीपोटी.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात उपेंद्र परदेशातल्या कामावरून परतला तो एक खोकं घेऊन. त्यात नव्या तऱ्हेच्या तबकड्या होत्या. त्याच जुन्या रेकॉर्डी, पण मूळ टेपांवरून पुन्हा जुळवून पाच स्पीकरांमध्ये वाटलेल्या. शिवाय घुमणाऱ्या आवाजाचा एक डबा वेगळा. दोन मागे, दोन पुढे, एक मधोमध.

“बिंदुराव, डीटेल ऐका नुसतं,” तो म्हणाला. “सीडीत जे पिठासारखं येतं ते यात रव्यासारखं वेगळं वेगळं येतं. गायकानं श्वास घेतलेला कळतो. आणि सगळं तुमच्याभोवती.”

“गाणं समोर असतं,” बिंदुमाधवराव म्हणाले. “आपण लग्नाला जातो तेव्हा बोहल्यावर चढून बसत नाही.” हे त्यांचं जुनंच मत होतं. पण पूर्वी ते मत होतं, आता आडोसा झाला होता.

“ते ऐकून ठरवा. मागचे स्पीकर तुमच्यासाठी बांधतोय मी.”

आणि बांधलेही. चार महिने लागले त्याला. मग एका रविवारी बैठक हेब्बाळला उपेंद्रच्या घरी भरली, तळ्याजवळ, वरच्या मजल्यावर. त्याच्या बायकोनं, नीलावहिनींनी, थालीपिठं लावली होती. खोलीच्या बरोबर मध्ये एक खुर्ची.

“मी चटईवर बसतो.”

“वा! निवाडा कोण करणार? बसा!” बसवंतनं दंडाला धरून त्यांना बसवलंच.

उपेंद्र शास्त्रज्ञ. तो म्हणाला, “आधी एक लावतो, मग दुसरं. कुठलं स्टीरिओ, कुठलं सराउंड ते सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं.”

तबकडी फिरली. बहात्तर सालचीच. सगळं उजवीकडून आलं, एका ढिगात, लग्नघरातल्या चपलांसारखं. बिंदुमाधवरावांनी तोंडावर हसू आणलं. उपेंद्रचे कष्ट, त्याचे उत्सुक डोळे. काहीतरी बोलायला हवं होतं.

“भले!” ते म्हणाले. “तो मागून येणारा कोरस! काय आणलायस रे. मानेवर वारा लागल्यासारखा येतोय.”

मग बसवंत चटईवर आडवाच झाला.

“अण्णा! अहो मागचे स्पीकर अजून चालूच नाहीत! हे स्टीरिओ आहे!” त्याला हसू आवरेना. “उपेंद्र, संपलास तू! चार महिने सुतारकाम केलंस आणि अण्णांनी एका वाक्यात तुझी शेंडी कापली!”

टोमणा होता असंच सगळ्यांनी धरलं. सराउंडवाल्याची अशी फिरकी फक्त बिंदुमाधवरावच घेऊ शकतात. हसण्याच्या त्या गदारोळात त्यांच्यापुढे दार सताड उघडं होतं, नुसतं आत शिरायचं होतं. ते शिरले. तेही हसले.

उपेंद्रही हसला. पण त्यानं दुसरं काही लावलं नाही. “सरी,” म्हणाला, “थालीपिठं गार होतायत.”

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग नीलावहिनींचा अंजलीबाईंना फोन आला. मागचे स्पीकर उपेंद्रनं उतरवून माळ्यावर टाकले होते. बोलत काही नव्हता. एकदाच म्हणाला, की आवडलं नाही म्हणाले असते तर चाललं असतं, ऐकायच्या आधीच थट्टा केली.

अंजलीबाईंनी ते सगळं नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसून सांगितलं आणि विचारलं, “तुमचा रविवार वाचवलात ना? मग तो येत का नाही?”

ते उठले, चपला घातल्या आणि बसनं हेब्बाळला गेले.

उपेंद्रनं दार उघडलं. चेहरा कोरा. “या. कॉफी?”

“नको. बस स्वल्प. नाही, इकडे बस, या बाजूला.” आणि उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं. कान, गाद्या, मेलेली लाइन. आणि अंजलीबाईंनाही न सांगितलेलं तेही सांगितलं: पहिल्या आठवड्यात गेलो असतो तर कदाचित वाचला असता. मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळत होतो.

“बिंदुराव, तुम्ही टेस्टिंगवाले असून...” उपेंद्र सवयीनं चिडवायला गेला आणि मध्येच थांबला. मग म्हणाला, “तीन आठवडे. आणि त्या पहिल्या रविवारी मीही होतो तिथं. तारा मीच बदलून दिल्या तुम्हाला.”

“हो.”

“मलाही नाही सुचलं.”

मग उपेंद्र उठला, स्टूल आणलं, माळ्यावरून स्पीकर काढू लागला. बिंदुमाधवरावांनी स्टूल धरलं. तारा जोडल्या. ते मधल्या खुर्चीत बसले, उपेंद्र समोर जमिनीवर मांडी घालून.

सुरू झालं. ढीगच होता, उजवीकडचा. जन्मभर ते डोळे मिटून ऐकत आले होते, आताही मिटले. उपेंद्रनं गुडघ्यावर थोपटलं.

“माझ्याकडे बघा.” त्यानं हात वर केला आणि रहदारीच्या पोलिसासारखा डावीकडे, खांद्याच्या मागे रोखला. “गिटार. आत्ता तिथं आहे.”

“इतकी मागे?”

“इतकी. आता पुढे येतेय बघा... येतेय...” हात सावकाश पुढे आला. “इथं थांबली. आता पियानो.” दुसरा हात उजवीकडे गेला.

गिटार ऐकू आली का डावीकडून? नाही. खोटं कशाला सांगा. ती होती तिथंच, उजव्या बाजूला, दबलेली. डावीकडे होता फक्त उपेंद्रचा हात, आणि ते त्या हाताकडे बघत होते.

“कसं वाटतं?” उपेंद्रनं विचारलं. “स्टीरिओपेक्षा?”

“मला कसं कळणार ते, उपेंद्र?”

उपेंद्रनं मान हलवली. हात मात्र खाली घेतला नाही. गाणं पुढे सरकलं तसा तो हात सरकत राहिला, भरून आला तेव्हा दुसऱ्या हातानं कोपराला आधार देऊन.