ईडलिंबाचा पाव आणि माझा डबा

सोनाबाईंना कोंडून ठेवलं होतं असं मी म्हटलं, तर त्यांचा मुलगा सुहास माझ्याशी जन्मात बोलणार नाही. म्हणून तसं म्हणत नाही. महाडला आमच्या इमारतीत माझ्या समोरच्याच दारात तो, त्याची बायको रेश्मा आणि मुलगी अक्षदा राहतात. सकाळी सुहास बिरवाडीला कंपनीत, रेश्मा दाताच्या डॉक्टरांकडे कामाला आणि पोरगी कॉलेजला गेली, की दाराला बाहेरून कडी लागायची आणि सत्तरीच्या सोनाबाई आत. कुलूप नव्हतं. कडी कुणीही काढू शकलं असतं, फक्त आतून निघत नव्हती.

कारण होतं. आदल्या वर्षी गॅसवर दूध ठेवून त्यांचा डोळा लागला आणि घरभर धूर झाला. तेव्हापासून "आईला एकटं सोडता येत नाही" हे सुहास येईल त्याला सांगायचा, तेही आईच्या समोर, ती बहिरी असल्यासारखं. तिला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं.

मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. दुपारी अडीचला घरी येते. आई गेल्यापासून माझ्याकडे वाट बघणारं कुणी नाही, म्हणून कडी काढून सोनाबाईंकडे जाऊन बसायची सवय लागली. त्यांचं एकच बोलणं असे. उमरठच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, तिथं नवऱ्याच्या मागे दोन वर्षं बंद पडलेलं घर.

"माकडांनी कौलं सरकवलीत, पांडू सांगत व्हता. मिरगाच्या आत शाकारलं नाय तर भिंत पानी पिणार. मग काय ऱ्हातंय गो, प्रियदर्शिनी?"

पांडू म्हणजे त्यांचा शेजारी. प्रांत कचेरीच्या कामाला खाली आला, की त्यांच्या परसातली ईडलिंबं पिशवी भरून आणायचा. लहान नारळाएवढी, खडबडीत, जाड सालीची. लोणचं घालून घालून घरातल्या बरण्या संपल्या होत्या.

मार्चमध्ये एकदा सुहास जेवताना वैतागून म्हणाला, "अक्षदाचा तो ओव्हन धूळ खात पडलाय. त्यात एक केक न करपवता करून दाखव. मग सोडतो तुला गावाला." बोलणारा बोलून विसरला. ऐकणारीनं मात्र ते सरकारी आदेशासारखं धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून नात शिकवायला आणि मी चाखायला. यीस्ट नाही, अंडं नाही, फुगायची वाट बघणं नाही. मैदा, दही, साखर, तेल, सोडा, बेकिंग पावडर आणि ईडलिंबाची किसलेली साल. केकच तो, पण सोनाबाई त्याला पाव म्हणायच्या. पहिला पाव इतका कडू झाला, की मी चहात बुडवूनही संपवू शकले नाही. सोनाबाईंनी सालीखालचं पांढरं सगळं किसून घातलं होतं, टाकायला जीव झाला नाही म्हणून. दुसऱ्या वेळी वरची पिवळी साल तेवढीच घेतली, तर सोडा घातलेलं पीठ कणकेसारखं दहा मिनिटं तिंबत बसल्या. वीट झाली. तिसऱ्या वेळी ओव्हनसमोर स्टूल टाकून पंचेचाळीस मिनिटं बसल्या, डोळ्याला डोळा न लावता. ओव्हनच्या घंटीवर त्यांचा विश्वास नव्हता. विणायची सुई खुपसली, कोरडी निघाली. पाव मधोमध फुटलेला, कडेनं तांबूस. वास खालच्या मजल्यावर गेला.

आता एवढं झाल्यावर माणूस पाव खाऊन गप्प बसेल. पण घरात नवं काही केलं, की आधी शेजारी वाटायचं, ही त्यांची वाडीची रीत. सहा घरांत सहा बशा गेल्या. बशा परत आल्या, त्यांत अर्थात काही ना काही होतं. मग हळूहळू लोकांचे आपले डबे यायला लागले. कुणी मैदा धाडला, कुणी साखर. "काकू, पुन्हा कराल तेव्हा थोडा आमच्यासाठी." दुसऱ्याचं भांडं घरात आलं, की ते रिकामं परत करायचं नाही. चिमूटभर साखर टाकून भागवणारे लोक असतात, मीही त्यातलीच. सोनाबाईंना आपल्या हातचं घातल्याशिवाय चैन पडत नसे. एप्रिलभर तो ओव्हन थंड झाला नाही.

माझ्या डब्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती सांगायला हवी. माझे वडील त्यांच्याच खोऱ्यातले, खालच्या बौद्धवाडीचे. लहानपणी सोनाबाईंच्या वाडीवर गेलं, की पाणी वरून ओंजळीत मिळायचं, असं ते सांगत. माझं आडनाव ऐकल्यावर सोनाबाईंना सगळं कळलं होतं. तरी मी पहिल्यांदा डबा नेला तेव्हा त्यांनी माझ्यासमोर झाकण काढलं आणि त्यातला नारळाचा लाडू उभ्या उभ्या खाल्ला. "खोबरं जरा कमी भाजलंस," म्हणाल्या. मी घरी येऊन खूप वेळ रडले. त्या दिवसापासून त्या मला हव्या होत्या, लहान मुलाला आई हवी असते तशा हव्या होत्या.

सुहासनं शब्द पाळला. मे महिन्यात दाराची कडी काढून टाकली. मित्राची गाडी ठरवली आणि पंचवीस तारखेच्या शनिवारी आईला सोडून येतो म्हणाला. सकाळी नऊला निघायचं, कारण तीनला त्याची सेकंड शिफ्ट होती. त्या जाऊन घर उघडतील तेव्हा कौलं शाकारायला पांडूनं दोन गडी सांगून ठेवले.

सोनाबाई आठवडाभर पाव भाजत होत्या. घरात अडकलेला एकेक डबा भरून ज्याचा त्याला दिला. शुक्रवारी संध्याकाळी माझा शेवटचा डबा घेऊन आल्या. "सगळ्यांचं पोचलं. तुजं एक ऱ्हायलं व्हतं, ते बी झालं. आता मी मोकली."

आणि मग दारातून मागे वळून म्हणाल्या, "आता काय धाडू नको हां."

त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऐकू मलाही चांगलं येतं.

शनिवारी सकाळी गाडी खाली लागली, पिशव्या गेल्या. सोनाबाई चपला घालून दारात उभ्या. मी स्टीलचा डबा पुढे केला. "वाटेत खायला. नारळाचे लाडू आहेत."

त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. लाडू पिशवीत ओतून घ्या आणि डबा इथंच द्या, असं मी म्हणू शकले असते. सुहास तेच म्हणाला. "आई, घे ना, डबा प्रियाताईंना परत दे, झालं."

"रिकामा?"

"मग साखर घाल."

"इतके दिस हिनं माज्यासाठी कडी काढली, आन् जाताना साखर घालू?"

त्यांनी चपला काढल्या. ईडलिंबू किसायला घेतलं. सुहासनं घड्याळ बघितलं, कपाळावर हात मारला आणि खाली जाऊन पिशव्या वर आणल्या. त्यातच लाईट गेली. ती आली साडेअकराला. पाव झाला तेव्हा एक वाजायला आला होता. शिफ्ट चुकवणं शक्य नव्हतं. पुढच्या शनिवारी सुहासचा मित्र गाडी घेऊन गोव्याला गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी पाऊस होता.

जुलैत पांडूचा फोन आला. मागची भिंत बसली होती, तिच्याबरोबर आढंही आलं होतं. सुहासनं फोन ठेवला आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला. "आता इथंच राहायचं, आई. सगळी तुझी माणसं आहेत." तो मनापासून बोलत होता. रेश्मानं कौतुकानं नवा, मोठा ओव्हन घ्यायचं ठरवलं.

मी त्या दुपारी गेले. दार उघडंच होतं. सोनाबाई स्टुलावर बसल्या होत्या, ओव्हन बंद होता. मी म्हणाले, "माझ्यामुळं झालं. मला तुम्हाला जाऊ द्यायचं नव्हतं."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"मग चपला का काढल्यात?"

"तुज्या घरचा डबा मी रिकामा परत केला असता, तर तू काय समजली असतीस गो?"